साउंडबार मालिकेला बोलतो, सिनेमाला मुका होतो

जास्वंद
नमस्कार मंडळी. साताऱ्याला आई-बाबांकडे टीव्हीसाठी साउंडबार घेतलाय. बाबांना हल्ली संवाद नीट ऐकू येत नाहीत. टीव्हीचा आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर येतं आणि माणसं मात्र पुटपुटतच राहतात. टीव्ही ४३ इंची, पाच-सहा वर्षांपूर्वीचा. साउंडबार २.१, म्हणजे एक लांब पट्टी आणि वेगळा सबवूफर (घुमणाऱ्या खालच्या आवाजाचा डबा), मध्यम किमतीतला. दुकानाचा माणूस घरी येऊन लावून गेला.

आता तक्रारी. यूट्यूब, बातम्या, संध्याकाळच्या मालिका, सगळ्यांना आवाज मस्त. ओटीटीवर नवा सिनेमा लावला की चित्र चालू आणि बार एकदम गप्प. त्याच ॲपवरच्या जुन्या सिनेमांना मात्र आवाज येतो! डिशवरच्या एक-दोन एचडी वाहिन्यांवर आवाजाऐवजी खरखर येते. शिवाय टीव्हीच्या रिमोटने बारचा आवाज कमी-जास्त होत नाही. बारचा रिमोट एवढासा आहे, तो रोज सोफ्याच्या फटीत जातो आणि आई रोज तो शोधते.

दुकानदार म्हणतो पीस खराब दिसतोय, बदलून देतो. बदलावा का? मी पुण्यात आहे, त्यामुळे जे काही करायचं ते व्हिडिओ कॉलवरून.

बाकरवडी
फुकट बदलून देतोय तर घ्या की! नाहीतर वायर काढून फेका आणि ब्लूटूथने जोडा. आमच्याकडे तसंच आहे, काही कटकट नाही.

मीटरवाला
जास्वंदताई, बदलू नका. यूट्यूबला आवाज येतोय म्हणजे बार, सबवूफर आणि वायर तिन्ही शाबूत आहेत. नवा पीस आणला तरी तो नव्या सिनेमाला गप्पच बसेल, आणि मग दुकानदार टीव्ही खराब आहे म्हणेल.

दोन गोष्टी सांगा. टीव्ही आणि बार यांच्यामधली वायर चपट्या रुंद टोकाची आहे, की बारीक आणि टोकाला लाल उजेड दिसणारी? आणि बारवर किंवा खोक्यावर डॉल्बीचा, म्हणजे सिनेमाचा आवाज दाबून पाठवायच्या त्या पद्धतीचा, शिक्का आहे का?

जास्वंद
बारीक. बाबांनी बारच्या बाजूने काढून दाखवली, टोकाला लाल ठिपका दिसतो. डॉल्बी कुठेच नाही. खोक्यावर 'सराउंड' आणि 'सिनेमा' मोठ्या अक्षरांत आहे.

मीटरवाला
मग उलगडा झाला. 'सराउंड' कुणीही छापतं. त्याचा डॉल्बीशी काही संबंध नसतो.

ही ऑप्टिकल वायर. हिच्यातून आवाज उजेडाच्या रूपात जातो, आणि जातो तो फक्त टीव्हीकडून बारकडे. उलट निरोप यायची सोयच नाही. पत्र पेटीत टाकल्यासारखं आहे: समोरच्याला ती लिपी वाचता येते का, हे टाकणाऱ्याला कळायला मार्ग नाही. यूट्यूबचा आवाज टीव्ही स्वतः उलगडतो आणि साध्या दोन चॅनेलच्या पीसीएम (न दाबलेल्या) रूपात पुढे देतो. पीसीएम प्रत्येक बारला समजतं. नव्या सिनेमाचा आवाज येतो ५.१ डॉल्बीत, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा सहा चॅनेलचा. टीव्हीचं सेटिंग 'ऑटो' किंवा 'पास-थ्रू' वर असेल तर टीव्ही तो न उलगडता डॉल्बीतच पुढे ढकलतो. तुमच्या बारमध्ये डॉल्बी उलगडणारं काही नाही. मग काही बार गप्प बसतात, काही तो डेटाच आवाज समजून वाजवतात, तीच तुमची खरखर. जुने सिनेमे बहुधा स्टिरिओत असतील, म्हणून चालतात.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा, साउंड, मग 'ॲडव्हान्स्ड' किंवा 'एक्स्पर्ट' असं काही असेल, त्यात 'डिजिटल आउटपुट' किंवा 'डिजिटल साउंड आउट'. तिथे पीसीएम निवडा. बस.

डिशच्या बॉक्सलाही स्वतःचं ऑडिओ सेटिंग असतं. टीव्ही बदलूनही एखाद्या वाहिनीची खरखर गेली नाही तर तिथे डॉल्बीच्या जागी स्टिरिओ किंवा पीसीएम करा.

चौकसबुद्धी
पण पीसीएम केलं की ५.१ गेलं ना? मग साउंडबारला पैसे घालून काय मिळवलं?

मीटरवाला
ऑप्टिकलमधून पीसीएम दोनच चॅनेलचं जातं, हे बरोबर. पण त्यांच्या बारला ५.१ वाचताच येत नाही, तर गमावण्यासारखं आहे काय? ज्यांच्या बारमध्ये डॉल्बी डिजिटल आहे त्यांनी ऑप्टिकलवरही 'डॉल्बी डिजिटल' ठेवावं. ओटीटीवाले बहुतेक डॉल्बी डिजिटल प्लस पाठवतात आणि ते ऑप्टिकलमधून जात नाही. पण 'डॉल्बी डिजिटल' निवडल्यावर बरेच टीव्ही ते साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये बदलून देतात. 'पास-थ्रू' वर ठेवलं तर तो बदल होईलच याची खात्री नाही.

तंबोरा
मीटरवाल्यांशी सहमत. बाबांच्या मूळ तक्रारीबद्दल थोडं, कारण ती पीसीएमने अर्धीच सुटेल.

सिनेमाच्या ५.१ मध्ये बहुतेक संवाद मधल्या चॅनेलवर असतात. टीव्ही त्याचे दोन चॅनेल करतो तेव्हा मधला चॅनेल साधारण ३ डेसिबल कमी करून डावी-उजवीकडे मिसळला जातो आणि तिथे आधीच संगीत, पाऊस, गाड्या, मारामारी असते. २.१ बारला मधला स्पीकर नसतो, त्यामुळे संवाद वेगळा उचलता येत नाही. तरी इलाज आहेत. बारवर 'व्हॉइस', 'न्यूज' किंवा 'डायलॉग' मोड असेल तर तो लावा. 'मूव्ही' मोड लावू नका, तो नेमका धडामधुडुम वाढवतो. सबवूफरचा आवाज वेगळा कमी करता येतो, तो निम्म्यावर आणा. आणि तो भिंतीच्या कोपऱ्यात असेल तर बाहेर ओढा, कोपऱ्यात बास फुगतो आणि पुरुषी आवाज त्यात बुडतात. टीव्हीत किंवा बारमध्ये 'नाइट मोड' असेल तर दिवसाही वापरा. तो मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो, बाबांना हवं तेच.

अवांतर: दुकानात बार ऐकवताना नेहमी स्फोटांचा सीन लावतात. दोन माणसं बोलतायत असा सीन लावून दाखवा म्हटलं की विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

जास्वंद
झालं!!! 'एक्स्पर्ट सेटिंग्ज' च्या आत लपलं होतं, 'ऑटो' होतं. पीसीएम केलं आणि सिनेमा बोलायला लागला. डिशच्या बॉक्समध्ये पण बदल केला, खरखर गेली. सबवूफर कोपऱ्यात शोकेसच्या मागे कोंबला होता, तो काढला. बाबा म्हणाले, "आता कळतंय काय बोलतात ते." मीटरवाला, तंबोरा, दोघांना साष्टांग दंडवत.

आता रिमोटचं काय? आईला एकच रिमोट हवाय.

स्टुटगार्टकर
त्यासाठी ऑप्टिकल सोडून एआरसीवर या, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरनेच बारकडे न्या. टीव्हीच्या मागे एका एचडीएमआय पोर्टखाली बारीक अक्षरात एआरसी लिहिलेलं असेल, फक्त त्याच पोर्टमधून आवाज बाहेर पडतो. दुसऱ्या कुठल्याही पोर्टमध्ये वायर घातली तर काहीच होणार नाही. बारवर दोन एचडीएमआय असतील तर ज्यावर 'आउट' किंवा 'टीव्ही एआरसी' लिहिलंय तो घ्या, 'इन' नाही. साधी एचडीएमआय वायर चालते, सोन्याचा मुलामा दाखवून महागडी गळ्यात मारतील ती नको.

मग टीव्हीत सीईसी चालू करा, म्हणजे एचडीएमआयने जोडलेली उपकरणं एकमेकांना हुकूम देऊ शकतील. ते 'सीईसी' या नावाने सापडेलच असं नाही, प्रत्येक कंपनीने आपापलं बारसं केलंय: सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक, फिलिप्समध्ये ईझीलिंक. शेवटी 'साउंड आउटपुट' मध्ये ऑप्टिकलऐवजी एचडीएमआय एआरसी निवडा. टीव्हीच्या रिमोटने बारचा आवाज चालेल आणि टीव्हीबरोबर बार चालू-बंद होईल.

एआरसी २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर आलं, त्यामुळे तुमच्या टीव्हीत बहुधा असणारच. त्याची क्षमता साधारण ऑप्टिकलएवढीच, सेकंदाला एक मेगाबिटच्या आसपास. २०१७ च्या एचडीएमआय २.१ मध्ये ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्ती, आलं, ते ३७ मेगाबिटपर्यंत जातं. म्हणून ब्लू-रेवरचं डॉल्बी ट्रूएचडी किंवा गेमिंग कन्सोलचं अनेक चॅनेलचं पीसीएम ईएआरसीवरच मिळतं. माझ्याकडे कन्सोल टीव्हीला आणि टीव्हीतून ईएआरसीने...

पिठलं_भाकरी
स्टुटगार्टकर, साताऱ्याच्या धाग्यात कन्सोल शिरला. दर वेळी कसं जमवता? ;) (हलके घ्या.)

जास्वंद
एआरसी लिहिलेला पोर्ट आहे, पण त्यात डिशचा बॉक्स लावलाय. म्हणूनच त्या माणसाने ऑप्टिकल लावली असणार.

मीटरवाला
बॉक्स दुसऱ्या एचडीएमआयमध्ये हलवा, तो कुठेही चालतो. मग आईला रिमोटवर 'सोर्स' नव्याने निवडून द्या, नाहीतर काळी स्क्रीन बघून त्या म्हणतील डिश बंद पडली. एआरसीवर बार आपल्याला काय समजतं ते टीव्हीला सीईसीवरून कळवू शकतो, त्यामुळे तिथे 'ऑटो' सुद्धा चालायला हवं. पण मी तुमच्या जागी असतो तर पीसीएमच ठेवलं असतं. या किमतीच्या बारला सगळं सीईसी नीट जमतंच असं नाही.

टीव्हीला ओटीटीची स्टिकही (एचडीएमआयमध्ये खुपसायची ती) लावली आहे का?

जास्वंद
हो, ओटीटी स्टिकवरूनच बघतात.

मीटरवाला
मग स्टिकच्या सेटिंगमध्येही ऑडिओ स्टिरिओ किंवा पीसीएमवर ठेवा. आणि स्टिक स्वतः टीव्ही-बार चालू-बंद करू पाहते ते 'इक्विपमेंट कंट्रोल' का काय ते बंद करा. सीईसीच्या एकाच तारेवर टीव्ही, बार, स्टिक, बॉक्स सगळे बोलतात, आणि तो वेगही सेकंदाला जेमतेम ४०० बिट. एकाने बार चालू कर म्हटलं आणि दुसऱ्याने बंद कर, की बार गोंधळतो.

बाकरवडी
ब्लूटूथचं कुणी मनावरच घेतलं नाही!

चौकसबुद्धी
बाकरवडी, तुमच्याकडे ओठ आणि आवाज जुळतात?

बाकरवडी
आम्ही गाणीच जास्त ऐकतो. क्रिकेटमध्ये चेंडू बॅटला लागून गेल्यावर 'टक्' ऐकू येतं खरं, पण ते प्रक्षेपणच तसं असेल असं आम्ही धरून चाललो होतो.

तंबोरा
प्रक्षेपणाला दोष देऊ नका. :) ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबायचा, पाठवायचा, साठवायचा आणि मग उलगडायचा, यात एसबीसी या दाबण्या-उलगडण्याच्या साध्या पद्धतीवर १५०-२०० मिलिसेकंद सहज जातात. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची प्रसारणासाठीची शिफारस आहे, बीटी.१३५९, तिच्यानुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आला की प्रेक्षकाला जाणवायला लागतं. उशीर आपण जास्त सहन करतो, कारण लांबच्या माणसाचा आवाज उशिरा येतो याची कानांना जन्मापासून सवय आहे. चित्राआधी आवाज निसर्गात कधी येतच नाही.

ज्यांना वायरवरही थोडा फरक जाणवतो त्यांच्यासाठी: टीव्हीतलं 'ऑडिओ डिले' हे बहुतेक वेळा आवाज फक्त मागे ढकलू शकतं. आवाज आधीच उशिरा येत असेल तर ते शून्यावर आणा, बारमध्येही असेल तर तिथेही शून्य, आणि बारमधले आभासी सराउंडचे खेळ बंद करा. काही मंडळी 'गेम मोड' लावायला सांगतात. त्याने चित्र लवकर येतं, म्हणजे आवाजाचा उशीर उलट जास्त जाणवतो.

जास्वंद
एआरसी जोडलं. एका रिमोटवर सगळं चालतंय, आई खूश. स्टिकचं पण बंद केलं. पण नवीनच सुरू झालंय. रोज सकाळी टीव्ही लावला की आवाज टीव्हीच्याच स्पीकरमधून येतो. 'साउंड आउटपुट' मध्ये जाऊन पुन्हा एआरसी निवडलं की ठीक. दिवसभर ठीक, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

चौकसबुद्धी
टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट करा.

पिठलं_भाकरी
रोज सकाळीच? रात्री कुणी बोर्डावरचं बटण बंद करतं का?

जास्वंद
बाबा! झोपायच्या आधी घरातली सगळी बटणं बंद करायची फेरी असते त्यांची. गीझर, टीव्ही, मिक्सरचं सुद्धा.

मीटरवाला
पिठलं_भाकरींनी बरोबर पकडलं. बोर्डावरचं बटण चालू केलं की टीव्ही आणि बार दोघंही शून्यापासून उठतात. टीव्ही उठता-उठता विचारतो, आवाज घेणारं कुणी आहे का? बार तेव्हा अजून दिवे लुकलुकवत असतो, उत्तर देत नाही. टीव्ही थोडं थांबतो आणि स्वतःच्या स्पीकरवर जातो. स्टँडबायवर ठेवलं असतं तर दोघांची ओळख टिकली असती. रात्रभर लाईट गेली तरी हेच होतं.

म्हणजे रात्री रिमोटने बंद करायचं, बोर्डावरचं बटण चालूच ठेवायचं.

जास्वंद
बाबांना सांगितलं. म्हणाले, "वीज फुकट येते का?"

मीटरवाला
त्यांना हिशोब द्या. टीव्ही स्टँडबायला अर्धा वॅट धरा, बार अर्धा वॅट. दोन्ही मिळून १ वॅट, २४ तास, ३० दिवस, म्हणजे ०.७२ युनिट. युनिटला दहा रुपये पकडले तरी महिन्याला सात-सव्वासात रुपये. मात्र टीव्हीत 'क्विक स्टार्ट' सारखं काही चालू असेल तर ते बंद करा. ते टीव्हीला अर्धवट जागा ठेवतं आणि मग हा हिशोब बिघडतो.

रत्नांग्रीकर
मी रत्नागिरीत टीव्ही दुरुस्तीचं काम करतो. बाबांची बाजू घेतो. विजेच्या बिलासाठी नाही, आकाशातल्या विजेसाठी.

मे महिन्याच्या शेवटी आणि मग ऑक्टोबरात ढग गडगडायला लागले की माझ्याकडे रांग लागते. डिशच्या छत्रीवरून वायरने झटका बॉक्समध्ये येतो, बॉक्समधून एचडीएमआयने टीव्हीत, आणि आता एआरसीने पुढे बारमध्ये. जेवढं जोडाल तेवढं एकदम जातं. बोर्डावरचं बटण बंद करून फारसं काही वाचत नाही, ते बहुतेक एकच तार तोडतं आणि छत्रीची वायर तर बॉक्सला लागलेलीच असते. तेव्हा बाबांना म्हणावं, रोज रात्रीची फेरी टीव्हीपुरती सोडा, पण ढग भरून यायला लागले की, गडगडाट सुरू व्हायच्या आत, टीव्ही, बार, सबवूफर, बॉक्स सगळ्यांच्या पिना सॉकेटमधून उपसा आणि छत्रीची वायर बॉक्सच्या मागून फिरवून काढा. गडगडाट सुरू झाला असेल तर पिनांना किंवा वायरला हात लावू नका, ते ढग भरून येतानाच करायचं काम. स्पाइक गार्ड लावला म्हणून निर्धास्त होऊ नका, थेट जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचं काही चालत नाही.

ऑप्टिकलचा हा एक गुण मात्र कुणी सांगितला नाही. तिच्यात तांबं नाही, त्यामुळे टीव्हीतला झटका तिच्यातून बारमध्ये जाऊच शकत नाही. बारची स्वतःची पिन उपसलेली असली की तो सुरक्षित.

जास्वंद
हे बाबांना जास्त पटलं. आता सूर्य मावळायच्या आत काळे ढग दिसले तरी पिना काढून ठेवतील, ती वेगळी गंमत. पिना काढल्या आणि नंतर लावल्या की पुन्हा टीव्हीच्या स्पीकरवर जाईल ना?

मीटरवाला
जाईल. तेव्हा आधी बारची पिन लावा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, मग टीव्हीची. तरी नाही जुळलं तर टीव्ही आणि बार दोघांच्या पिना पाच मिनिटं काढून पुन्हा त्याच क्रमाने. बऱ्याच टीव्हींत 'साउंड आउटपुट' चा शॉर्टकट रिमोटच्या एखाद्या बटणावर ठेवता येतो, तो आईंना शिकवून ठेवा.

पिठलं_भाकरी
ऑप्टिकल वायर फेकू नका, पण वेटोळं घट्ट करून रबरबँड लावून ठेवू नका. आत काच किंवा प्लास्टिकचा धागा असतो, तीव्र वळणावर कायमचा बिघडतो. आणि नवीन घेणाऱ्यांनी दोन्ही टोकांची पारदर्शक टोपणं काढायची. टोपणासकट जोर लावून खुपसलेल्या वायरी मी दोन नातेवाइकांच्या घरी पाहिल्यात.

लिंबूटिंबू
धागा वाचून हुरूप आला, माझाही प्रश्न. गेल्या वर्षी विजेच्या कडकडाटानंतर आमचं एआरसी बंद पडलं. पण त्याच पोर्टमध्ये डिशचा बॉक्स लावला तर चित्र-आवाज झकास येतं. म्हणजे पोर्ट चांगला आहे, मग बार बिघडला का? बार ब्लूटूथवर वाजतो.

रत्नांग्रीकर
चित्र येतं म्हणून पोर्ट चांगला, असं धरू नका. एचडीएमआयला १९ पिना असतात. चित्र वेगळ्या पिनांवरून आत येतं, एआरसीचा आवाज १४ नंबरच्या पिनेवरून बाहेर जातो, आणि सीईसी १३ वर. झटक्यात नेमका तेवढाच भाग जातो, चित्र शाबूत राहतं. असे टीव्ही माझ्याकडे नेहमी येतात.

बार बिघडला की टीव्ही, ते ठरवायला तुमचा बार शेजाऱ्यांच्या एआरसी पोर्टला लावून बघा. तिथे वाजला तर टीव्हीचा भाग गेलाय. मदरबोर्ड बदलायचा खर्च ऐकाल तर बदलणार नाही, आणि बदलूही नका. ऑप्टिकल लावा, टीव्हीत पीसीएम करा. रिमोटचं म्हणाल तर काही बारना टीव्हीच्या रिमोटचं आवाजाचं बटण शिकवता येतं. बारच्या माहितीपुस्तिकेत 'आयआर लर्निंग' शोधा. सोय असेल तर बार त्या मोडवर ठेवायचा, टीव्हीचा रिमोट त्याच्यासमोर धरून आवाजाची दोन्ही बटणं दाबायची. आणि टीव्हीचा स्वतःचा स्पीकर सेटिंगमधून बंद करायला विसरू नका, नाहीतर एका बटणावर दोन्ही आवाज वाढतील.

लिंबूटिंबू
पुस्तिकेत आहे 'आयआर लर्निंग'. उद्या ऑप्टिकल आणतो. दोन मीटरची पुरेल ना? टीव्ही भिंतीवर आहे, बार खाली कपाटावर.

रत्नांग्रीकर
पुरेल. भिंतीवरच्या टीव्हीला पोर्ट मागे सरळ असेल तर वायर भिंतीला दाबून दुमडेल. तेव्हा काटकोनी टोकाचा अडॅप्टर मागून घ्या.